इस्माईल मामा, ते कार्ड चालू झालंच नव्हतं

मामा, लॅपटॉपचं वायरलेस कार्ड चालू झाल्याची बातमी मार्चच्या शेवटी तुम्हाला शिरूरहून फोनवर दिली होती. ती खरी नव्हती. बातमी देणारा मीच होतो आणि मेमोवरची सहीही माझीच आहे. चुकीची बातमी छापली गेली तर दुसऱ्या दिवशी त्याच पानावर दुरुस्ती द्यायची, हे काम मी पुण्याच्या वर्तमानपत्रात तीस वर्षं केलं. या दुरुस्तीला पाच महिने लागले, आणि तोवर वाचक राहिला नाही.

जन्म, नोकरी, पश्चात कोण कोण, हे इथे लिहीत नाही. दौंडच्या रेल्वे पेन्शनरांनी ते फलकावर लावलं आहे. त्यात तुमचं निवृत्तीचं वर्ष चुकलं होतं, ते दुरुस्त करून घेतलं. दुरुस्ती करणाऱ्याने विचारलं, "एका वर्षानं काय फरक पडतो?" तुम्ही असतात तर त्याला फरक समजावून सांगायला दुपार घेतली असती.

आपली ओळख दौंड स्टेशनबाहेरच्या चहाच्या टपरीवर झाली. रेल्वे कॉलनीतल्या पाण्याची बातमी करून मी बाकावर बसलो होतो. लॅपटॉपला वायरने फोन जोडून मजकूर पाठवत होतो. तुम्ही शेजारच्या बाकावर पेन हातात घेऊन पेपर वाचत होतात. पेपर पेन घेऊन वाचणारा वाचक कुठल्याही बातमीदाराला धोक्याचा वाटतो.

"वायर कशाला लावली?" तुम्ही विचारलंत.

"याचं वायफाय चालत नाही."

"मशीनला वायफाय न्हाई का?"

"आहे. पण यात लिनक्स टाकलंय. लिनक्स आणि ते कार्ड यांचं जुळत नाही."

तुम्ही पेपरची घडी घातलीत. "म्हंजी कार्ड हाय, सिस्टीम हाय, आन् दोघांचं बोलणं न्हाई. कवापासून?"

"दीड वर्ष झालं."

"दीड वर्ष वायर घेऊन हिंडताय? आन् लोकांच्या नळाला पाणी का येत न्हाई ते विचारताय?"

एवढं बोलून तुम्ही चहा सांगितलात, माझ्यासाठीही. लॅपटॉप ऑफिसने मोडीत काढलेला होता. निवृत्तीनंतरही जिल्हा पानासाठी शिरूरच्या बातम्या देत राहीन असं ठरलं, तेव्हा तो माझ्याकडे राहिला. आधीची सिस्टीम सुरू होईपर्यंत आंघोळ आटोपायची, म्हणून एका मित्राने लिनक्स टाकून दिलं. मशीन पळायला लागलं, वायफाय तेवढं गेलं. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत. मग तुमच्याबद्दल सांगितलंत: सिग्नल खात्यात मेंटेनर होतात, निवृत्तीनंतर जावयाच्या जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स शिकलात, आणि घरात सध्या बिघडलेलं काही नाही. शेवटचं वाक्य तुम्ही तक्रारीच्या सुरात म्हणालात. त्याचा अर्थ मला फार उशिरा कळला.

पहिलं काम फर्मवेअरचं होतं. कार्डाला जागं करणारी ती एक छोटी फाइल असते, आणि तिच्या सात आवृत्त्या होत्या. कुठली चालेल ते कुणालाच ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, फोनच्या वायरने एकेक उतरवून बघतो. ते तुम्हाला मान्य नव्हतं. तुम्ही घरी सातही उतरवल्यात, क्रम लावलात, पेनड्राइव्हवर भरल्यात. पूर्वी तालुक्याचे बातमीदार बातमीचं पाकीट एसटीच्या ड्रायव्हरकडे देत आणि आमचा माणूस पुण्याच्या स्टँडवरून ते घेऊन येई. मी ती पद्धत सुचवली. तुम्ही पेनड्राइव्ह जाड पाकिटात घालून शिरूरच्या गाडीवर दिलात. पुढचं संभाषण तुम्हीच मला तीन वेळा सांगितलं होतं आणि तिन्ही वेळा ते सारखंच होतं, म्हणून देतो.

"आत काय हाय?" कंडक्टरने विचारलं.

"फर्मवेअर."

"नाशवंत हाय का?"

"व्हय. लवकर पोचवा."

पाचव्या आवृत्तीला पडद्यावर आसपासच्या वायफायची यादी आली. सहा नावं होती. ती मी तुम्हाला फोनवर एकेक वाचून दाखवली. तुम्ही प्रत्येक नावानंतर "बरोबर" म्हणत होतात, जणू शिरूरमधली ती सहाही घरं तुमच्या ओळखीची होती. आमच्या राउटरला मशीन जोडलं गेलं. नऊ मिनिटांनी तुटलं. पुन्हा जोडलं, सहा मिनिटांनी तुटलं.

"मी येतो," तुम्ही म्हणालात. आवाजात काळजी नव्हती.

त्यानंतर दर रविवारी तुम्ही न्हावऱ्यावरून येणाऱ्या एसटीने शिरूरला येत राहिलात. निवृत्तीनंतर माझ्याकडे रविवारी कुणी येत नसे. ही नोंद वस्तुस्थिती म्हणून.

तुम्ही तुमच्या नोकरीतला नियम माझ्या जेवणाच्या टेबलावर लागू केलात. रुळांचा सांधा हलवणारी मोटर उघडायची, तर आधी स्टेशन मास्तरला लेखी मेमो द्यायचा, की अमुक वाजल्यापासून अमुक सांधा कामातून बाहेर. मास्तरने सही केल्याशिवाय पान्याला हात लावायचा नाही. काम झालं की दोघांनी मिळून तपासायचं, दुसरा मेमो, पुन्हा सह्या. पहिला डिस्कनेक्शनचा, दुसरा रिकनेक्शनचा. तुम्ही कार्बन लावलेली वही घेऊन आलात. "वेळ १०.४०. लॅपटॉप एक. वायरलेस कार्ड कामातून बाहेर." खाली मास्तरच्या जागी माझी सही.

"मशीन माझंच आहे, मामा. समोरच बसलोय मी."

"मास्तर पण समोरच बसायचा. आधी मेमो."

एका रविवारी तुम्ही कार्ड काढून त्याचे पितळी दात खोडरबराने पुसलेत आणि परत बसवलंत. साडेचारची गाडी गाठायची घाई होती, आणि तुम्ही रिकनेक्शनचा मेमो न देता निघून गेलात. मी लॅपटॉप उघडला नाही. तीन दिवस बातम्या हाताने लिहिल्या आणि फोनवरून वाचून दाखवल्या. डेस्कवरच्या उपसंपादक बाईंनी विचारलं, "सर, मशीन बिघडलंय का?" सांगितलं की मशीनचं माहीत नाही, परवानगी नाही.

चौथ्या दिवशी तुमचा फोन आला. "काय म्हणतंय कार्ड?"

"बघितलं नाही. रिकनेक्शन मिळालं नाही."

तुमच्याकडून वहीची पानं उलटल्याचा आवाज आला. "मी दिलं न्हाई?"

"नाही."

"आन् तुम्ही तीन दिवस मशीनला हात लावला न्हाई?"

"नाही."

"नोकरीत असतो तर मला चार्जशीट मिळाली असती," तुम्ही म्हणालात. आणि पुढे, "पण तुम्हाला मास्तर करायला हरकत न्हाई."

तीस वर्षांत कुठल्याही संपादकाकडून याच्या जवळपास जाणारं काही ऐकलं नव्हतं.

अँटेनाच्या तपासणीचा रविवारही नोंदवायला हवा. झाकणाच्या आतली अँटेनाची तार कुठेतरी दबत असावी, असा तुमचा संशय होता. उघडा लॅपटॉप दोन्ही हातांवर आडवा धरून तुम्ही माझ्या परसात पावलं मोजत फिरत होतात. पाच पावलांवर थांबायचं, सिग्नलच्या जोराचा आकडा बोलायचा, मी लिहून घ्यायचा. शेजारचे आप्पा कुंपणापाशी येऊन उभे राहिले. त्यांची शेती सहा एकर, त्यातली पाण्याखाली एक.

"पत्रकार, बोअर घेताय व्हय?"

"नाही, आप्पा."

"मग हे पाव्हणं काय बघत्यात?"

"उणे अडुसष्ट," तुम्ही मान वर न करता म्हणालात.

"फूट?"

"डीबीएम."

आप्पांनी त्यावर विचार केला. "आमच्यात बघाल का? दोन बोअर कोरड्या गेल्या."

तुम्ही गेलात. हे पाण्याचं काम नाही, वायफायचं आहे, असं तुम्ही त्यांना दोनदा सांगितलंत. आप्पा म्हणाले, "असू द्या, पाणी दावणारं सगळं पानाडी आधी असंच म्हणत्यात." तुम्ही त्यांच्या अंगणात चार ठिकाणी आकडे घेतलेत. गोठ्यामागे सिग्नल सर्वांत चांगला मिळाला, आणि तुमच्या तोंडून "हां, इथं हाय" असं निघून गेलं. आप्पांनी तिथे वीट पुरून ठेवली. वीट अजून आहे. त्याबद्दल आम्ही दोघं बोलत नाही.

आपला खरा वाद डोंगलचा होता. नखाएवढं वायफायचं डोंगल बाजारात मिळतं, लिनक्सवर ते काही न करता चालतं. बाजूच्या खाचेत खोचलं की काम झालं. हे मी दुसऱ्याच रविवारी सुचवलं होतं.

"घरात विहीर असताना टँकर बोलवायचा?" तुम्ही म्हणालात.

"विहिरीला पाणी नसेल तर लोक बोलावतात, मामा. बातम्या लावल्यात मी."

"मग विहिरीला काय झालं ते आधी बघायचं. तुमच्या बातमीत तेवढंच नसतं. टँकर किती आले ते असतं."

मी चहा ठेवला. वाद मात्र मिटला नाही. माझं म्हणणं असं, की मशीन काम करण्यासाठी आहे आणि सहा वाजता मजकूर जायला हवा. तुमचं म्हणणं असं, की दुसऱ्या रस्त्याने पोचलेल्या गाडीमुळे मोडलेला सांधा दुरुस्त होत नाही. जाता जाता तुम्ही तिसरी गोष्टही काढायचात: मी एका बातमीत मालगाडीचे डबे घसरले असं लिहिलं होतं. "डबे प्रवाशांचे. मालाच्या त्या वाघिणी. कार्ड काय न् वाघीण काय, नीट बघायचा तुम्हाला कंटाळा." हे खरं होतं, आणि पुढे जे घडलं त्यात तेच दिसलं.

मार्चमध्ये एका शनिवारी तुमच्या मुलीचा, शबानाचा, फोन आला. तुम्हाला दम लागत होता म्हणून दवाखान्यात नेलं होतं. "डॉक्टरांनी अब्बांना दगदग नको म्हणलंय," ती म्हणाली. मी लगेच निष्कर्ष काढला, की दौंड ते शिरूर आणि परत, मार्चच्या उन्हात, एसटीने, ही ती दगदग. आणखी कुणाला विचारलं नाही. नवशिक्या बातमीदाराला पहिल्या आठवड्यात सांगतात की एकाच माणसाच्या सांगण्यावर बातमी करू नये. ते मीच कितीतरी जणांना सांगितलं होतं.

त्याच दिवशी बाजारातून डोंगल आणलं. लॅपटॉपच्या डाव्या बाजूला खोचलं. चार तास तुटलं नाही. मग तुम्हाला फोन केला आणि कार्ड चालू झालं म्हणून सांगितलं.

"कशानं झालं?"

याचं उत्तर मी तयार ठेवलं नव्हतं. तुम्ही मागच्या रविवारी म्हणाला होतात की कार्डाचं पॉवर सेव्हिंग बंद करून बघू, ते झोपत असणार. तेच पुढे केलं. "पॉवर सेव्हिंग बंद केलं. तुमचा अंदाज बरोबर होता."

"मी म्हणलो नव्हतो?" तुम्ही हसलात. "मेमो करा."

मी रिकनेक्शनचा मेमो लिहिला. वेळ, मशीन, "वायरलेस कार्ड कामात घेतले, संयुक्त चाचणी फोनवर." सही केली, फोटो काढून पाठवला. तुमच्या प्रकृतीसाठी केलं, असं मी स्वतःला सांगितलं. वायर घेऊन फिरायचा मलाही कंटाळा आला होता. दोन्ही कारणं खरी आहेत. कुठलं किती, ते सांगता येत नाही.

तुम्ही यायचं थांबलात. दर रविवारी फोन मात्र येत राहिला. "कार्ड?" "उत्तम." एवढं झालं की बोलण्यासारखं फार उरत नसे. तुम्ही हवेचं विचारायचात, मी दौंडच्या गाड्यांचं.

मेमध्ये शिरूरला एका लग्नासाठी आलात आणि तिथून घरी आलात. लॅपटॉप टेबलावरच होता, डोंगलची बाजू भिंतीकडे. तुम्हाला दोन आज्ञा टाइप करायला मिळाल्या असत्या तर डोंगल सापडलं असतं. नशिबाने वीज गेलेली होती, तिच्या आधारावर मी मशीनची बॅटरीही उतरली आहे म्हणून सांगितलं. ती ऐंशी टक्के भरलेली होती. तुम्ही आग्रह केला नाहीत. सरबत घेतलंत आणि मिटलेल्या लॅपटॉपकडे बघत बसलात. बदली झालेला माणूस जुन्या स्टेशनवरून गाडी जाताना खिडकीतून जसा बघतो, तसं. त्या दिवशी मला ते उन्हाचं वाटलं.

तुम्ही गेल्याला तीन आठवडे झाले तेव्हा दौंडला घरी गेलो होतो. मामी इद्दतीत, म्हणजे नवऱ्यामागे पाळायच्या चार महिने दहा दिवसांच्या एकांतात आहेत, म्हणून आतल्या खोलीत पडद्याआड होत्या. शबाना कारेगावहून आलेली होती, तिने चहा आणला. इकडचं तिकडचं झाल्यावर मी सगळं सांगून टाकलं: डोंगल, मेमो, पॉवर सेव्हिंग, बॅटरी.

पडद्याआड कप खाली ठेवल्याचा आवाज आला. मग मामी म्हणाल्या, "म्हंजी ते कार्ड बिघडलेलंच हाय?"

"हो, मामी."

"अजून?"

"अजून."

"या अल्लाह," मामी म्हणाल्या, आणि हसायला लागल्या. "आन् त्यांनी गल्लीत पेढे वाटले. पॉवर सेव्हिंग म्हंजी काय ते दूधवाल्याला अर्धा तास समजावून सांगितलं. दूध नासलं त्याचं."

मी म्हटलं की प्रवासाची दगदग होऊ नये म्हणून तसं केलं.

"कसली दगदग?"

"डॉक्टर म्हणाले होते ना."

"डॉक्टर म्हणाले जिना चढू नका. आमच्या घराला जिना न्हाई. एसटीला कुठं जिना हाय?"

मी शबानाकडे बघितलं. ती म्हणाली, "काका, मी एसटी कुठं म्हणले? मी दगदग म्हणले. स्टेशनचा पूल चढायचे ना ते, रोज पेपर आणायला."

"तुमच्या त्या कार्डानं मला सुख होतं," मामी पुढे बोलत होत्या. "सोमवारपासून वहीत काहीतरी लिहीत बसायचे, रविवारी सकाळी डबा घेऊन जायचे. तुम्ही चालू झालं म्हणालात, आन् दुसऱ्या दिवशी माझा मिक्सर खोलला. चांगला चालता मिक्सर. मग पंखा. मग नळ. कुकरच्या शिट्टीला मेमो दिला मला, सही कर म्हणले. मी म्हणलं, डाळ शिजू द्या, मग करते. तर म्हणले, न्हाई, आधी सही."

"केलीत?" मी विचारलं.

"केली की. उपाशी कोण राहील?"

शबाना पदर तोंडाला लावून हसत होती. मी विचारलं, मामांना माझ्या खोटेपणाची शंका आली होती का. उत्तर लगेच आलं.

"छे. कळलं असतं तर दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं आले असते. खुशीत."

मग मामींचा आवाज जरा उतरला. "लग्नाहून आले ना, तवा म्हणले, पत्रकाराचं मशीन मस्त हाय आता, आपली काय गरज न्हाई. आन् नवी टोपी न काढता बसले तसेच." पुढे त्या म्हणाल्या, "तुम्ही बिघडलंय म्हणला असतात तर माझा मिक्सर वाचला असता." हे त्यांनी माझ्यासाठी म्हटलं, ते मला समजलं.

परतीच्या एसटीत चौफुल्यापर्यंत मी पहिल्या भेटीतलं तुमचं ते वाक्य आठवत होतो, घरात बिघडलेलं काही नाही, हे. ज्या माणसाला बिघाड हवा होता, त्याच्याकडून मी एक चांगला, न सापडणारा बिघाड काढून घेतला आणि वर त्याचं अभिनंदन केलं. यात दुष्टपणा नव्हता. चौकशी न करता केलेलं काम होतं. तुम्ही वाघिणीबद्दल जे म्हणत होतात, तेच.

तुमच्याकडून मिळालेलं मोजायला बसत नाही. आकडे घेताना पाच पावलं म्हणजे पाच, साडेपाच नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि बदलली की लिहायची. आपलं काम दुसऱ्याच्या सहीशिवाय पुरं झालं असं समजायचं नाही. हे पत्रकारितेच्या अभ्यासक्रमात असायला हवं होतं. मला ते दौंडच्या एका सिग्नल मेंटेनरकडून साठीनंतर मिळालं, तेही हसतखेळत, रविवारी, चहाबरोबर. त्याबद्दल आभार मानायचे राहिले. तुम्ही ते ऐकूनही घेतले नसते. "कार्डाचं बोला," म्हणाला असतात.

तर कार्डाचं. मामा, कार्ड चालत नाही.

शिरूरला आलो त्या दिवशी डोंगल काढून कपाटात ठेवलं. त्याला आज अकरा दिवस झाले. पॉवर सेव्हिंग खरोखरच बंद करून पाहिलं, तुमचा तो अंदाज चूक निघाला. राउटरचं चॅनेल बदललं, फरक नाही. ब्लूटूथ बंद केलं, तर जोडणी बारा मिनिटं टिकली, पण दुसऱ्या दिवशी तेच करून तीनच. आप्पा रोज सकाळी कुंपणाशी येऊन विचारतात, "लागलं का?" मी नाही म्हणतो. ते म्हणतात, "खोल असंल."

काल जोडणी सत्तावीस मिनिटं टिकली. एवढी कधीच टिकली नव्हती. आज चौथ्या मिनिटाला तुटली. काल आणि आज यांच्यात काय बदललं, ते शोधतो आहे. सहाचा मजकूर वायरने जातो. बाकी घाई नाही.